झोपलाय तो!

डिसेंबरातली गोष्ट. आमच्या टीममधला एक मुलगा, परळच्या एका टॉवरमध्ये भाड्याने राहतो, सकाळी चहाच्या वेळी मोबाईल पुढे करून म्हणाला, "दादा, हा बघ. तीन आठवडे झाले, काही खात नाहीये. पण काळजी नाही. झोपलाय तो."

मोबाईलमध्ये काचेची पेटी आणि त्यात काटेरी दाढीचा एक सरडा, डोळे मिटून. बिअर्डेड ड्रॅगन. मूळचा ऑस्ट्रेलियातला, पण हल्ली मुंबईतल्या टू-बीएचकेंमध्येही सापडतो. मुलाने वाचलं होतं की हे सरडे हिवाळ्यात शीतनिद्रा घेतात. त्यामुळे आता त्याचा बेत असा, की दिवे बंद करायचे, पेटी एसीखाली सरकवायची आणि फेब्रुवारीपर्यंत हात लावायचा नाही.

त्याचं ते "झोपलाय तो" ऐकलं आणि मी एकदम चाळीसेक वर्षं मागे गेलो. हेच वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं. तेही परळलाच.

गिरणीचं गेट आणि परातीतले सरडे

आजोबा गिरणीत साचेवाले होते. गिरणीच्या विणकाम खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात, कारण कोरड्या हवेत सूत पटापट तुटतं. सुताची सोय होते, माणसाची होत नाही. त्या वाफेत उभं राहून तीस वर्षांत आजोबांचे गुडघे आणि उजवा खांदा पार गेले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरणी सुटली, पण दुखणं काही सुटलं नाही.

लालबाग-परळच्या फुटपाथवर तेव्हा सांड्याचं तेल विकणारे बसायचे. तुमच्यापैकी जे गिरगाव-दादर-लालबागात वाढले त्यांना आठवत असेल. खाली कापड अंथरलेलं, बाजूला स्टोव्ह, त्यावर छोटी कढई, हारीने मांडलेल्या बाटल्या, आणि मध्ये परातीत पाच-सहा सरडे. मातकट रंगाचे, जाडसर, शेपटीवर काट्यांच्या ओळी. विकणारा हातवारे करून सांगायचा की सांधेदुखी, कंबरदुखी आणि "मर्दाना कमजोरी", सगळ्यावर एकच इलाज. (या तिसऱ्या दुखण्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला.)

मी आजोबांचं बोट धरून उभा होतो. सरडे जिवंत होते, पोट हलत होतं. पण पळत कसे नाहीत? परातीला झाकण नाही, दोरी नाही. मी विचारलं. तो माणूस हसून म्हणाला, "सोया है बेटा. ठंड में सोता है."

मला ते पटलं. पुस्तकात अस्वल झोपतं, बेडूक झोपतो, मग सरडा का नाही झोपणार? आजोबांनी बाटली घेतली आणि आम्ही घरी आलो.

आता त्या उत्तराची जरा तपासणी करू.

सांडा नावाचा गृहस्थ

हा सरडा मुंबईचा नाहीच. त्याचं घर म्हणजे थरचं वाळवंट, कच्छ, आणि सीमेपलीकडचे पाकिस्तानातले कोरडे प्रदेश. हिंदीत सांडा. शास्त्रात त्याची पहिली नोंद जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२७ साली केली आणि त्याला थॉमस हार्डविक यांचं नाव दिलं. हार्डविक हे ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी आणि हौशी निसर्ग-अभ्यासक. हिंदुस्थानातल्या चित्रकारांकडून त्यांनी प्राण्यांची हजारो चित्रं काढून घेतली होती. सांड्याचं शास्त्रीय नाव बरीच वर्षं युरोमॅस्टिक्स हार्डविकी होतं. २००९ मध्ये अभ्यासकांनी त्याला वेगळ्या प्रजातीत टाकलं, आता तो सारा हार्डविकी.

दिसायला भयंकर, पण पक्का शाकाहारी. पाला, फुलं, बिया खातो. मोठा नर दीड फुटापर्यंत जातो. स्वतःचं बीळ स्वतः खणतो आणि एका बिळात एकटाच राहतो. आणि हो, तो खरोखरच शीतनिद्रा घेतो! बिकानेरकडे थंडीच्या रात्री पारा पाच-सात अंशांवर येतो, कधी त्याहीखाली. साधारण नोव्हेंबरात सांडा बिळात शिरतो, आतून मातीने तोंड बुजवतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत बाहेर येत नाही. तेवढे महिने त्याला पुरते ती पावसाळ्यात खाऊन साठवलेली चरबी.

म्हणजे तो विकणारा खोटं बोलत नव्हता? थांबा, इथेच गंमत आहे. गंमत कसली म्हणा.

त्या बाटलीत जे होतं ती हीच चरबी. सरड्याने हिवाळ्यासाठी बांधलेली शिदोरी आपण कढईत वितळवून गुडघ्याला चोळत होतो. थरमधून परळपर्यंतचा हा धंदा चालला तोही याच शीतनिद्रेच्या जोरावर. जो प्राणी महिनोन् महिने न खाता जगू शकतो त्याला पोत्यात घालून आगगाडीने आणता येतं, खायला घालावं लागत नाही आणि तो लगेच मरतही नाही. कोंबडी अशी आणून बघा! थंडीत तगून राहण्याची जी खुबी निसर्गाने त्याला दिली, तिनेच त्याला विक्रीला सोयीचा केला.

आणि तो पळत का नव्हता? झोपला होता म्हणून नाही. सांडे पकडणारे त्याच्या पाठीचा कणा मोडतात, म्हणजे तो जिवंत राहतो पण पळू शकत नाही. या धंद्याबद्दल वन्यजीववाल्यांनी पुन्हा पुन्हा लिहून ठेवलेली ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी मला परात आठवली, हलणारी पोटं आठवली, आणि ते "सोया है बेटा" आठवलं.

मुंबईत थंडी म्हणजे काय?

बरं, समजा कणा मोडला नसता. समजा कोणी भल्या माणसाने सांडा गिरगावातल्या घरात नीट पाळला असता. तर तो इथे झोपला असता का?

मुंबईची थंडी आपल्याला माहीत आहे. सतरा अंश झाले की पेपरात बातमी आणि लोकलमध्ये माकडटोप्या. सांताक्रूझला आजवरची सर्वात थंड नोंद आहे ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ ची. म्हणजे बिकानेरकरांचा नेहमीचा हिवाळा आपल्याकडे एकदाच, इतिहासात नोंद होण्यासारखा आला. दक्षिण मुंबईत समुद्र अगदी खेटून असल्याने जानेवारीतही पहाटेचा पारा सरासरी एकोणीसच्या आसपास असतो, आणि दुपारी तीस.

दिवसाच्या लांबीचंही तेच. सर्वात छोटा दिवस बिकानेरला साडेदहा तासांहून थोडा कमी, मुंबईला जवळपास अकरा तास. सरड्याचं शरीर ऋतू ओळखतं ते प्रकाश आणि तापमान या दोन गोष्टींवरून, शिवाय आत स्वतःचं एक घड्याळ असतंच. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरला स्वतःचं क्लॉक आहे, पण ते अधूनमधून बाहेरच्या वेळेशी जुळवून घ्यावं लागतं. मुंबईत बाहेरून येणारा सिग्नलच कमजोर. घड्याळ म्हणतं, "हिवाळा आला, खाणं बंद कर." हवा म्हणते, "कसला हिवाळा? तीस डिग्री आहे!"

इथे खरी अडचण येते. सरपटणाऱ्या प्राण्यांना शरीर गरम ठेवायला अन्न जाळावं लागत नाही, जशी हवा तसं अंग. त्यामुळे थंडीत त्यांचा खर्च आपोआप उतरतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की शरीराचा खर्च दोन ते तीनपट होतो. अडीचपट धरू. बिळात १५ अंश असताना जी चरबी चार महिने पुरते, ती २८ अंशांवर किती पुरेल? फरक १३ अंश, म्हणजे खर्च सव्वातीनपट. चार महिन्यांची शिदोरी पाच आठवड्यांत खलास! (हा माझा शनिवार सकाळचा हिशोब आहे, प्रयोगशाळेतला नाही. पण दिशा बरोबर आहे.)

म्हणजे गरम हवेत न खाणारा सरडा शीतनिद्रेत नसतो. तो उपाशी असतो. आणि दोन्ही दिसायला सारखंच दिसतं.

वाळवंटातल्या प्राण्याला मुंबईची दमट हवाही सोसत नाही. फुप्फुसं बिघडतात, कातडीला बुरशी धरते. ज्या दमटपणाने गिरणीतलं सूत टिकायचं, त्यानेच आजोबांचे सांधे गेले आणि त्यानेच परातीतला सरडा झिजला.

पिंजऱ्यातलं हवामान

बाहेरचे प्राणी मुंबईत ठेवायची हौस जुनी आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या म्युझियममध्ये (आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्यातले दोघे आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आणखी एक होते एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, साताऱ्यात जन्मलेले, मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात नोकरी करणारे. 'ईएचए' या नावाने ते बंगल्यातल्या उंदीर, डास, पाली, मुंग्यांवर इतकं मिश्कील लिहायचे की आजही वाचताना हसू येतं. पोटापाण्याची नोकरी एक आणि लिहिण्याचा विषय भलताच. आमच्यासारख्यांचे ते मूळपुरुषच म्हणायचे :-)

सोसायटीच्या कचेरीत फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या खुर्चीमागे विल्यम नावाचा एक धनेश पक्षी राहायचा. १८९४ पासून १९२० पर्यंत, तब्बल २६ वर्षं! पण विल्यम कारवारकडचा. मुंबईची हवा त्याला परकी नव्हती. तो जगला त्यात माणसांच्या प्रेमाचा वाटा असेल, पण हवामानाचाही होता.

उलट उदाहरण त्याच भायखळ्यातलं, राणीच्या बागेतलं. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यांच्यासाठी १६ ते १८ अंशांचं वातानुकूलित घर बांधलं, पाणी गार ठेवायची यंत्रणा बसवली, डॉक्टर नेमले. तरी ऑक्टोबरात एक दगावला आणि गदारोळ झाला. २०१८ च्या १५ ऑगस्टला जन्मलेलं पहिलं पिल्लूही आठवडाभरातच गेलं. पुढे मात्र जम बसला, पिल्लं जगली, आणि आज शाळांच्या सहली तिथे रांगा लावतात. या खर्चावरून तेव्हा भरपूर भांडणं झाली आणि त्यात मला पडायचं नाही. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. प्राणी आणायचा तर त्याचा ऋतूही आणावा लागतो, आणि ऋतू आणणं महाग असतं. पेंग्विनसाठी आपण तो आणला. सांड्यासाठी कोणी आणणार नव्हतं, कारण सांडा बघायला आणलाच नव्हता.

एका शब्दाचा घोळ

आता परत टीममधल्या मुलाकडे. त्याने वाचलेला इंग्रजी शब्द होता 'ब्रूमेशन'. हा शब्द अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ विल्बर मेह्यू यांनी १९६५ मध्ये सुचवला. ते वाळवंटातल्या शिंगाळ्या सरड्यांवर काम करत होते. त्यांचं म्हणणं, अस्वल-खारीची झोप आणि सरड्याची झोप यांना एकच नाव देऊ नका. सस्तन प्राणी आपलं आतलं तापमान स्वतः खाली आणतो, सरड्याचं मात्र बाहेरच्या थंडीबरोबर उतरतं. लॅटिनमध्ये 'ब्रूमा' म्हणजे वर्षातला सर्वात छोटा दिवस, हिवाळा. त्यावरून हा शब्द. सगळ्या शास्त्रज्ञांनी तो उचलला नाही, पण सरडे पाळणाऱ्यांनी मात्र डोक्यावर घेतला.

पाश्चात्त्य पाळणारे जाणूनबुजून ही थंडी देतात, कारण काही जातींत त्यानंतरच प्रजनन नीट होतं. पण ते करताना आधी महिनाभर तयारी असते. प्राणी निरोगी आहे ना हे तपासतात, विष्ठेची चाचणी करतात. मग खाणं थांबवून पोट पूर्ण रिकामं होऊ देतात, कारण थंड शरीरात पचन थांबतं आणि अन्न आतच कुजतं. त्यानंतर तापमान हळूहळू उतरवतात, पाणी ठेवतात आणि ठराविक दिवसांनी वजन करतात.

आमच्या मित्राने यातलं काय केलं होतं? काहीच नाही. त्याच्या घरात रात्री एसी २२ वर, दिवसभर खिडक्या बंद आणि पेटीवरचा दिवा अधूनमधून उडालेला. हा हिवाळा नव्हताच. ही अर्धवट गार खोली होती. झोपावं इतकी थंड नाही आणि पचावं इतकी गरम नाही.

मी एकच प्रश्न विचारला, "वजन किती आहे?"

त्याला माहीत नव्हतं. पण ऑक्टोबरात स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवून काढलेला फोटो सापडला: ३८० ग्रॅम. संध्याकाळी घरी जाऊन त्याने पुन्हा काट्यावर ठेवला: ३१० ग्रॅम.

खऱ्या झोपेतल्या सरड्याचं वजन फारसं घटत नाही, तीच तर त्या झोपेची खूण. इथे जवळपास पाचवा हिस्सा गेला होता. हा सरडा झोपलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो सुट्टी टाकून डॉक्टरकडे गेला. विष्ठेत परजीवी निघाले. या सरड्यांमध्ये हे फार आढळतं, आणि अशक्त प्राण्याला थंडीत ठेवलं की त्याची उरलीसुरली प्रतिकारशक्तीही जाते. फेब्रुवारीपर्यंत हात लावायचा नाही हा बेत तडीस गेला असता तर फेब्रुवारीत काय हाती लागलं असतं हे सांगायला नको. औषधं झाली, दिवा बदलला, बंद पेटीतली हवा मापायला दोन थर्मामीटर आले. जानेवारीच्या अखेरीस त्या महाशयांनी पहिलं झुरळ खाल्लं, त्याचा व्हिडिओ टीमच्या ग्रुपवर आला आणि आमच्या मॅनेजरबाईंनी ग्रुप सोडला.

बाटली

सांड्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे मी परातीसमोर उभा होतो तेव्हाही तो धंदा बेकायदाच होता. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंधनं आहेत, आणि निसर्गात तो धोक्यात आलेल्यांच्या यादीत जाऊन बसलाय. त्या तेलाने सांधे बरे होतात याला काहीही आधार नाही. चरबी ती चरबी. चोळल्याने जे बरं वाटतं ते चोळण्यामुळे.

मग आजोबा ते का घेत राहिले? मला वाटतं, कारण दुसरं काही नव्हतं. संपानंतर डॉक्टरची फी परवडत नव्हती, आणि रोज संध्याकाळी आजी खांद्याला तेल लावायची तेवढी पंधरा मिनिटं कोणीतरी त्यांच्या दुखण्याकडे लक्ष देत होतं. त्यांना हसायची माझी हिंमत नाही. कण्याचं त्यांना माहीत होतं का, हे विचारायला ते आता नाहीत. माहीत असतं तर बाटली घेतली नसती असं मला मनापासून वाटतं. पण मी नातू आहे, मला तसं वाटणारच.

मला बोचतं ते वेगळंच. मी लहान होतो, प्रश्न बरोबर विचारला होता, आणि मिळालेलं उत्तर सोयीचं होतं म्हणून मानलं. चाळीस वर्षांनी तसंच उत्तर माझ्यासमोर एका शिकल्यासवरल्या मुलाने स्वतःलाच दिलं. त्यात दुष्टपणा अजिबात नव्हता, उलट त्या प्राण्यावर त्याचा जीव आहे. पण "झोपलाय" म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही. बघावं लागत नाही, काट्यावर ठेवावं लागत नाही, डॉक्टरकडे जावं लागत नाही.

जिथे थंडीच नाही तिथे कोणी झोपलाय असं सांगितलं, तर एकदा वजन करून बघावं. इतकंच.

असो. आजचा चहा गार झाला.